आधी जागा, मग गाडी: अमेरिकेतल्या नॅशनल पार्कात मोटरहोमने राहायला जाताना

साताऱ्याहून सासू-सासरे पहिल्यांदा आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले, तेव्हा त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचं ठरलं. आईंचे गुडघे दुखतात, दर दोन तासांनी बाथरूम लागतं, बाहेरचं तिखट-तेलकट सोसत नाही. स्वतःचं स्वयंपाकघर आणि बाथरूम घेऊन फिरणारी गाडी हाच उपाय आम्हाला दिसला, आणि तो चुकीचा नव्हता. चुकला तो क्रम. भाडं कमी पडत होतं म्हणून मार्चमध्येच ३० फुटी मोटरहोमचे पैसे भरले आणि मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी जागा त्यानंतर शोधायला बसलो. साउथ रिमवरच्या, म्हणजे कॅन्यनच्या दक्षिण कडेवरच्या, मेदर कॅम्पग्राऊंडमध्ये कुणीतरी रद्द केलेली एक साइट, म्हणजे गाडी उभी करून राहायची जागा, दिसली, ती घाईने घेतली. त्या साइटची लांबी २७ फूट आहे, हे तिच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही ते वाचलं नव्हतं. गाडीचं नाक आत गेलं तरी शेपूट रस्त्यावरच राहिली. जवळपास दुसरी जागा मिळेना, म्हणून ६० मैल मागे विल्यम्सला जावं लागलं. बाबांना कॅन्यनवरचा सूर्यास्त बघायचा होता. तो झाला तेव्हा आम्ही महामार्गावर होतो.

त्यानंतर योसेमिटी, झायन, यलोस्टोन अशा पाच सहली मोटरहोमने केल्या, त्यातल्या दोन आई-बाबांना घेऊन. जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. अमेरिकेत नव्याने आलेल्या किंवा पहिल्यांदाच हा बेत करणाऱ्या कुटुंबांसाठी हे आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: आधी पार्क, मग कॅम्पग्राऊंडची साइट, मग रस्ता, आणि शेवटी गाडी. लोक नेमकं उलटं करतात, कारण गाडीची जाहिरात आधी दिसते.

१. पार्क एक, फार तर दोन

अमेरिकेत आज ६३ नॅशनल पार्क आहेत. नकाशावर यूटातली पाच पार्कं शेजारी शेजारी दिसतात आणि सगळी एकाच आठवड्यात करण्याचा मोह होतो. मोटरहोम कारसारखी पळत नाही. चढावर ती दमते, वारा सुटला की डुलते, आणि सकाळी निघायचं म्हटलं तरी भांडी आवरून, खिडक्या लावून, वायर-नळ्या गुंडाळून चाकं हलेपर्यंत तास जातो. दिवसाला २५० मैलांपेक्षा जास्त धरू नका. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर १५०.

महिना निवडताना शाळेच्या सुट्ट्यांबरोबर हवामानही बघा. यलोस्टोन आणि ग्लेशियरमध्ये जूनमध्येसुद्धा बर्फ पडू शकतो, आणि तिथली बहुतेक कॅम्पग्राऊंड्स उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांतच उघडी असतात. उलट डेथ व्हॅलीला उन्हाळ्यात जाऊ नका. गाडी भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्या त्या काळात तिथे गाडी नेऊच देत नाहीत. आम्हाला सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे सगळ्यात मानवले. शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी थोडी ओसरते, रात्री गारवा असतो पण पाइपमधलं पाणी गोठत नाही.

उंचीचाही विचार करा. ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम सुमारे ७,००० फुटांवर आहे, यलोस्टोन तलावाचा परिसर सुमारे ७,७०० फुटांवर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई ५,४०० फूट आहे, यावरून अंदाज येईल. रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं आणि पोचल्याचा पहिला दिवस बसून काढावा.

२. साइटचं पान शब्द न् शब्द वाचा

पार्काच्या आतली बहुतेक कॅम्पग्राऊंड्स रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. काही मात्र पार्कात कंत्राट घेतलेल्या खासगी कंपन्या चालवतात आणि त्यांचं बुकिंग वेगळ्या ठिकाणी असतं. ग्रँड कॅन्यनमध्ये मेदर सरकारी संकेतस्थळावर आहे, तर जवळचंच ट्रेलर व्हिलेज खासगी कंपनीकडे. यलोस्टोनमध्ये मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज ही पाच मोठी कॅम्पग्राऊंड्स खासगी कंपनी चालवते. एका ठिकाणी ‘जागा नाही’ दिसलं म्हणून पार्क भरलं असं समजू नका.

साइटच्या पानावर चार गोष्टी बघायच्या.

लांबी. कॅम्पग्राऊंडची कमाल लांबी वेगळी आणि तुमच्या साइटची वेगळी. मेदरमध्ये कमाल ३० फूट, पण आत लहान साइट्स बऱ्याच आहेत. योसेमिटीच्या अपर पाइन्स कॅम्पग्राऊंडमध्ये मोटरहोमला ३५ फूट, तर ओढत नेण्याच्या ट्रेलरला २४ फूटच. गाडीची लांबी म्हणजे पुढच्या बंपरपासून मागे लावलेल्या सायकल स्टँडपर्यंतची लांबी. जाहिरातीतल्या आकड्यात एक-दोन फूट वाढवूनच हिशेब करा.

हूकअप. म्हणजे साइटवर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी. बाहेरच्या खासगी पार्कांत हे सर्रास मिळतं, नॅशनल पार्काच्या आत क्वचित. योसेमिटीत कुठेच नाही. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राऊंडमध्ये काही साइट्सवर वीज आहे, पण पाण्याची जोडणी नाही. यलोस्टोनमध्ये तिन्ही जोडण्या फक्त फिशिंग ब्रिजला. तिथे ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने तंबूला किंवा कापडी भिंती असलेल्या गाडीला परवानगीच नाही, भक्कम भिंतींची गाडी लागते. ग्रँड कॅन्यनला ट्रेलर व्हिलेजमध्ये तिन्ही जोडण्या आहेत आणि ५० फुटी गाडीही सरळ आत घालून सरळ बाहेर काढता येते. पहिल्या सहलीला आई-बाबांना नेत असाल, तर चार पैसे जास्त पडले तरी अशीच जागा घ्या.

जनरेटरच्या वेळा. हूकअप नसलेल्या जागी एसी आणि मायक्रोवेव्ह गाडीच्या जनरेटरवर चालतात, आणि तो दिवसभर लावता येत नाही. योसेमिटीत सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७, एवढाच. वॉचमनमध्ये तर अजिबात नाही. कुणाला झोपेत श्वासाचं मशीन लागत असेल, तर वीज असलेली साइटच घ्यावी लागेल.

माणसं. योसेमिटीत एका साइटवर लहान मुलं धरून ६ जण. दोन कुटुंबं एकत्र जात असाल तर दोन साइट्स लागतील, आणि त्या शेजारच्या मिळतील असं गृहीत धरू नका.

३. बुकिंगचा दिवस

खरी तयारी इथे लागते. बऱ्याच पार्कांच्या साइट्स ६ महिने आधी, रोज एकेक दिवस पुढे सरकत खुल्या होतात. मेदर आणि वॉचमन अशीच आहेत. योसेमिटी व्हॅलीची पद्धत वेगळी: दर महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता, ५ महिन्यांपर्यंत पुढचा, एक महिनाभराचा गठ्ठा एकदम सुटतो. १५ जानेवारीला १५ मे ते १४ जून, असं. यलोस्टोनच्या खासगी कंपनीकडची कॅम्पग्राऊंड्स तर सुमारे वर्षभर आधी उघडतात. प्रत्येक कॅम्पग्राऊंडच्या पानावर तारीख आणि वेळ लिहिलेली असते. ती कॅलेंडरमध्ये टाका आणि कोणत्या टाइम झोनची आहे तेही लिहून ठेवा.

आम्ही असं करतो: आदल्या रात्री खातं उघडून पत्ता आणि कार्ड भरून ठेवतो. नकाशा बघून आवडीच्या आठ-दहा साइट्सचे नंबर कागदावर, पसंतीच्या क्रमाने. मी लॅपटॉपवर, नवरा दुसऱ्या लॅपटॉपवर, दोघं वेगवेगळ्या साइट्ससाठी. सात वाजता बटण दाबायचं आणि हाती जी लागेल ती घेऊन आधी पैसे भरायचे. आणखी चांगली मिळते का हे बघत बसलं की तीही जाते. योसेमिटीला उन्हाळ्याच्या साइट्स काही मिनिटांत संपतात.

बुकिंग कुणाच्या नावावर करता याकडे लक्ष द्या. योसेमिटीत ज्याच्या नावावर साइट आहे ती व्यक्ती हजर लागते आणि फोटो ओळखपत्र बघतात. मित्राने त्याच्या नावावर काढलेली साइट तुम्हाला चालणार नाही.

नाही मिळाली तर निराश होऊ नका. लोक बेत बदलतात. सरकारी संकेतस्थळावर बुकिंग रद्द करायला किंवा बदलायला १० डॉलर जातात; आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. म्हणून बहुतेक जण दोन-तीन दिवस आधीच रद्द करून टाकतात, आणि त्या दिवसांत साइट्स मोकळ्या होतात. जागा मोकळी झाली की कळवणारी सूचनेची सोय त्याच संकेतस्थळावर आहे, ती चालू करा. आम्हाला झायनची साइट अशीच, निघायच्या चार दिवस आधी मिळाली. तोवर पार्काबाहेरची एक खासगी जागा हातात धरून ठेवली होती. ती धरल्याशिवाय असं वाट बघणं परवडत नाही.

४. रस्ता आणि बोगदा

साइट मिळाली की तिथपर्यंतचा आणि पार्काच्या आतला रस्ता तपासा. फोनवरचा नेहमीचा नकाशा तुम्हाला कार समजतो. त्याला तुमची उंची माहीत नसते.

ग्लेशियरचा गोइंग-टु-द-सन रोड: अ‍ॅव्हलांच आणि राइझिंग सन यांच्या दरम्यान २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरसे धरून ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी. भाड्याने मिळणारं जवळजवळ प्रत्येक मोटरहोम यात अडकतं. १० फुटांपेक्षा उंच गाडीला लोगन पास या खिंडीवरून पश्चिमेकडे उतरताना कड्याचे बाहेर आलेले खडक त्रास देतात.

सिक्वोयामध्ये जनरल्स हायवेवर पॉटविशा ते जायंट फॉरेस्ट म्युझियम या घाटात २२ फुटांपेक्षा लांब गाडी आणू नका, असा पार्काचा सल्ला आहे. आपल्या घाटांची सवय असलेल्यांना हा सल्ला अति वाटेल. तिथली वळणं पाहिल्यावर वाटत नाही.

झायनचा माउंट कार्मेल बोगदा १९३० साली खुला झाला, त्या काळच्या गाड्यांच्या मापाने खोदलेला. वर्षानुवर्षं मोठ्या गाड्यांसाठी समोरची वाहतूक थांबवून, १५ डॉलर घेऊन, बोगद्याच्या मधोमध गाडी जाऊ देत. मात्र २०२६ च्या मध्यापासून मोठ्या गाड्यांना तिथून न सोडण्याचा निर्णय पार्काने जाहीर केला. उंचीची मर्यादा ११ फूट ४ इंच. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या मोटरहोमची उंची साधारण १२ फूट असते, म्हणजे ब्राइस कॅन्यनहून झायनला तुम्ही जवळच्या वाटेने जाऊ शकत नाही. आंतरराज्य महामार्ग १५ वरून वळसा घालावा लागतो, आणि त्यात दिवसाचे काही तास जातात. हे घरी नकाशासमोर कळलेलं बरं.

आत फिरायला पार्काच्या मोफत बस वापरा. झायन कॅन्यनमध्ये हंगामात खासगी गाड्यांना बंदीच असते, बसनेच जावं लागतं. ग्रँड कॅन्यनला हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर तसंच. योसेमिटी व्हॅलीतही बस आहे. मोटरहोम साइटवर उभी करायची आणि निघताना सोडली तर हलवायची नाही. बाबांना बसचं आकर्षण फार. ड्रायव्हर थांबे सांगत जातो तेव्हा ते त्याच्या अगदी मागच्या सीटवर बसत, आणि आई मला म्हणत, “अगं, हे आता शेवटच्या स्टॉपपर्यंत काही उतरत नाहीत.”

५. आता गाडी

आता कुठे तुम्हाला हवी ती लांबी ठरते. भाड्याच्या गाड्यांचे ढोबळ तीन प्रकार. क्लास बी म्हणजे व्हॅन: चालवायला सोपी, दोघांना ठीक, बाथरूम अगदी टिचभर. क्लास सी म्हणजे ट्रकच्या डोक्यावर पलंग असलेली, २० ते ३० फुटी. चार-पाच जणांच्या कुटुंबाला हीच. क्लास ए म्हणजे बससारखी. पहिल्या वेळी नको. माझं मत विचाराल तर २५ फुटी क्लास सी. जवळपास सगळीकडे बसते आणि आत आई-बाबांना वेगळा पलंग मिळतो. डोक्यावरच्या पलंगावर शिडीने चढावं लागतं, तो मुलांना द्या.

‘किती जण झोपू शकतात’ हा आकडा बघू नका, सीटबेल्ट किती आहेत ते विचारा. लहान मुलाची कार सीट कुठे बसते तेही विचारा, कारण आडव्या किंवा उलट्या सीटवर ती बसवता येत नाही.

भाड्याच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी पुढचे खर्च लेखी मागा: प्रति मैल दर, जनरेटरचा प्रति तास दर, भांडी-अंथरुणाचा संच, साफसफाई, विमा. पेट्रोल, म्हणजे इथलं गॅस, खूप लागतं. गॅलनला ८ ते १० मैल एवढाच पल्ला धरा. विम्याबाबत आपल्या कारच्या विमा कंपनीला फोन करून विचारा, कारण कारची पॉलिसी अनेकदा भाड्याच्या मोटरहोमला लागू होत नाही, आणि क्रेडिट कार्डाचं संरक्षणही बहुधा नाही. गाडीच्या छताचं नुकसान बऱ्याच करारांत वगळलेलं असतं. झाडाची फांदी किंवा पेट्रोल पंपाचं छत लागतं ते नेमकं तिथेच.

६. बरोबर काय हवं

कागदपत्रं:
– चालवणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स (भारतीय असेल तर भारतातूनच काढून आणलेलं आंतरराष्ट्रीय परमिटही), आणि करारात त्या प्रत्येकाचं नाव
– साइटच्या बुकिंगची छापील प्रत. अनेक पार्कांत नेटवर्क नसतं
– पार्काचा वार्षिक पास. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी तो ८० डॉलर, बाहेरून आलेल्यांसाठी २५० डॉलर आहे. यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन यांच्यासह ११ पार्कांत वार्षिक पास नसलेल्या, १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जास्तीचे पडतात. भारतातून आई-बाबा आले असतील तर हा खर्च आधीच हिशेबात धरा, आणि गाडीतल्या सगळ्यांना तुमचा पास कसा लागू होतो ते पार्काच्या पानावर वाचून निघा.
– इथे राहता याचा पुरावा म्हणून अमेरिकेचं लायसन्स किंवा ग्रीन कार्ड, पाहुण्यांचे पासपोर्ट
– औषधांच्या चिठ्ठ्या आणि प्रवासी विम्याचे कागद

वस्तू:
– चाकाखाली घालायचे प्लॅस्टिकचे लेव्हलिंग ब्लॉक आणि एक छोटी पाणसळ
– वापरून टाकायचे हातमोजे, एक खोकं भरून
– पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर, गाडीबरोबर नसेल तर
– बॅटरी, कपडे वाळत घालायला दोरी, पायपुसणं, लहान केरसुणी
– नॅशनल पार्क सर्व्हिसच्या अ‍ॅपमध्ये आपलं पार्क ऑफलाइन वापरासाठी आधीच उतरवून घेतलेलं

७. गाडी ताब्यात घेताना

घाई करू नका. दुपारी तीनला गाडी घेऊन रात्री पार्कात पोचायचा बेत करू नका. पहिली रात्र गाडी घेतली तिथून तास-दोन तासांवरच्या, सगळ्या जोडण्या असलेल्या खासगी जागेत काढा. काही चालत नसेल तर ते त्याच रात्री कळतं आणि सकाळी परत जाता येतं. आमच्या दुसऱ्या सहलीत पाण्याचा पंप बंद निघाला, तो याचमुळे बदलून मिळाला.

सुपूर्द करणारा माणूस भराभर सांगत जातो. त्याला विचारून सगळं फोनवर चित्रित करा: कुठला खटका कशाचा, टाक्या किती भरल्यात ते कुठे दिसतं, स्वयंपाकाचा गॅस कुठून बंद होतो. बाहेरून चारही बाजू आणि छताच्या कडाही चित्रित करा. मग मोजपट्टीने, किंवा गाडीवरच्या पाटीवरून, उंची घेऊन ती चिकटपट्टीवर लिहा आणि स्टीअरिंगच्या वर चिकटवा. कुठल्याही छताखाली शिरण्याआधी नजर तिकडे जायला हवी.

चालवताना एक गोष्ट नवीन असते. मागच्या चाकांच्या मागे आठ-दहा फूट गाडी लोंबते, आणि तुम्ही उजवीकडे वळलात की तो भाग डावीकडे फेकला जातो. पेट्रोल पंपावरून निघताना सरळ पुढे या, शेपूट खांबांच्या पलीकडे गेली की मगच वळा. रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास सराव करा. साइटवर मागे घेताना एक जण उतरून मागे उभा राहीलच, आणि तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे, हा आमच्याकडे नियम आहे. लांब उतारावर ब्रेक दाबून धरू नका, खालचा गिअर टाका.

८. स्वयंपाक

आपल्या घरांसाठी मोटरहोमचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि याविषयी इथल्या मार्गदर्शकांत काही मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर.

फोडणी आत करू नका. जागा एवढीशी, की मोहरी तडतडली आणि मिरचीचा धूर झाला की धुराचा अलार्म वाजतो. वास अंथरुणात शिरतो, आणि हळदीचा डाग पडला तर साफसफाईचे पैसे लागतात. फोडणी घरीच करून बाटलीत न्या, ती चार-पाच दिवस सहज टिकते. किंवा एका शेगडीचा छोटा गॅस नेऊन साइटवरच्या बाकड्यावर करा. खमंग वासाने शेजारी येतात, ओळखी होतात. यलोस्टोनला ओहायोच्या एका आजीबाईंनी आईंकडून थालीपीठ थापायला शिकून घेतलं.

कुकर न्याच. ७,८०० फुटांवर पाणी सुमारे ९२ अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी कडकच राहते. पण हूकअप असलेल्या साइटवर इलेक्ट्रिक कुकर लावणार असाल तर हिशेब करा: ३० अँपिअरची जोडणी म्हणजे साधारण ३,६०० वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक कुकर एकदम चालू केले की ब्रेकर पडतो. एसी बंद करा, कुकर होऊ द्या.

आमची नेहमीची शिदोरी: भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, पिठल्याचं मसाला घातलेलं कोरडं पीठ, पोहे, दाण्याचं कूट, लोणचं, गोठवलेल्या पोळ्या. फ्रीज लहान असतो आणि गार व्हायला रात्र घेतो. आत ठेवायचं ते घरून गारच आणा. दोन वेळा मेतकूट-भात आणि एकदा पिठलं धरलं, तर चार दिवस बाजारात जावं लागत नाही. आत बरेचदा दुकान असतं, पण कोथिंबीर-मिरची तिथे शोधू नका.

खरकटं सिंकमध्ये जाऊ देऊ नका. भाताची शितं टाकीत कुजतात आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीभर वास सुटतो. भांडी आधी कागदाने पुसायची, तो कागद कचऱ्यात, मग थोड्या पाण्याने धुवायची. खरकटं पाणी झाडाखाली ओतणं नियमाविरुद्ध आहे आणि त्याने अस्वलं येतात. योसेमिटीत प्रत्येक साइटवर अन्न ठेवायची लोखंडी पेटी असते. बाकड्यावर लाडवाचा डबा विसरून झोपायला जाऊ नका, आणि गाडीबाहेर जाताना खिडक्या बंदच ठेवा.

जनावरांचं अंतर मुलांना आधीच शिकवा. यलोस्टोनमध्ये अस्वल, लांडगे आणि कूगर (पहाडी सिंह) यांच्यापासून १०० यार्ड, बायसन-एल्कसारख्या बाकी सगळ्यांपासून २५ यार्ड. बायसन गवत खात उभा असतो तेव्हा गोठ्यातल्या म्हशीसारखा शांत वाटतो. तो माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो.

९. पाणी आणि सांडपाणी

गाडीत तीन टाक्या असतात: चांगल्या पाण्याची, सिंक आणि आंघोळीच्या पाण्याची ‘ग्रे’, आणि संडासाची ‘ब्लॅक’. चांगलं पाणी साधारण ४० गॅलन, म्हणजे दीडशे लिटर. चार माणसांनी घरच्यासारखी आंघोळ केली तर एका दिवसात संपतं. अंग ओलं करा, शॉवर बंद, साबण, पुन्हा शॉवर. आईंनी तर पहिल्याच दिवशी छोटी बादली आणि तांब्या मागितला, आणि त्यांचं पाणी सगळ्यांत कमी लागलं. तेव्हापासून तांब्या आमच्या यादीत आहे.

टाक्या रिकाम्या करायला डम्प स्टेशनवर जायचं. योसेमिटीत ते अपर पाइन्सपाशी आहे, ग्रँड कॅन्यनला मेदरजवळ. पहिल्यांदा किळस येते, पण दहा मिनिटांचं काम आहे. क्रम चुकवायचा नाही:

– हातमोजे घाला. जाड नळी आधी गाडीला घट्ट बसवा, मग दुसरं टोक जमिनीतल्या भोकात.
– ब्लॅकची झडप उघडा, पूर्ण रिकामी होऊ द्या, बंद करा.
– मग ग्रेची झडप. साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं, म्हणून ती नंतर.
– दोन्ही झडपा बंद आहेत याची खात्री करूनच नळी काढा, धुवा, टोपण लावा.
– संडासातून थोडं पाणी आणि औषधाची पुडी ब्लॅकमध्ये सोडा. कोरडी टाकी तुंबते.

सांडपाण्याची जोडणी असलेल्या साइटवर ब्लॅकची झडप उघडी ठेवून देण्याची चूक जवळजवळ सगळे नवखे करतात. पाणी निघून जातं, घट्ट मैला तळाशी राहतो आणि वाळतो. झडप बंदच ठेवा, टाकी अर्ध्याच्या वर गेली की एकदम सोडा. ओले रुमाल संडासात टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. आणि डम्प स्टेशनवर नळी धुवायचा नळ वेगळा असतो. त्याला पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी कधीही लावायची नाही.

१०. परतीचा दिवस

गाडी परत द्यायची वेळ बहुधा सकाळची असते, आणि उशीर झाला तर तासाप्रमाणे दंड. शेवटची रात्र कंपनीच्या आवारापासून ५० मैलांच्या आत काढा, आणि तीही सगळ्या जोडण्या असलेल्या जागी, म्हणजे टाक्या तिथेच रिकाम्या होतात. सकाळी पेट्रोलची टाकी भरून घ्या, स्वयंपाकाच्या गॅसची पातळी करारात लिहिलीय तेवढी आहे का बघा, आणि पलंगांखालचे सगळे कप्पे उघडून बघा. निघताना घेतलं होतं तसंच चारही बाजूंचं चित्रण पुन्हा करा, यावेळी मैलांचा आणि जनरेटरच्या तासांचा आकडा दिसेल असं. आमची स्टीलची पोळपाट एकदा डोक्यावरच्या पलंगाच्या कडेला राहिली होती, ती याच फेरीत सापडली.